भाच्याची सीट आणि मामाचा ओव्हरड्राफ्ट

प्रश्न : माझं अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांचे सुटे भाग मशिनिंग करून मोठ्या कंपन्यांना देतो. धाकट्या बहिणीचा मुलगा १८ वर्षांचा आहे, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. अकराव्या वर्षापासून कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती) करतो, कोईमतूर आणि चेन्नईला शर्यतींत उतरलाय, बक्षिसंही आहेत. गेल्या वर्षी एका टीमने त्याची टेस्ट घेतली. वेळ चांगली लागली, पण सीट, म्हणजे हंगामभर गाडी चालवायची जागा, त्याच्यापेक्षा हळू चालवणाऱ्या मुलाला दिली, कारण त्याच्या वडिलांनी पूर्ण हंगामाचे पैसे भरले. आता एका मध्यस्थाने युरोपातल्या फॉर्म्युला ४ टीमची सीट आणलीय. पहिला हप्ता ४० लाख, तोही पंधरा दिवसांत. बहीण म्हणते, ‘दादा, तुझ्या कंपनीचं नाव गाडीवर लावू, स्पॉन्सरशिपच समज.’ मेहुणे गप्प आहेत. माझी बायको म्हणते, आपल्या मुलीचं इंजिनीअरिंग अजून व्हायचंय. शेडवर ओव्हरड्राफ्ट वाढवून मिळेल असं बँक म्हणते. देऊ का? आणि खरं सांगा, या खेळात माणूस पैशावरच निवडतात का? भाचा रोज तेच म्हणतो आणि त्याचा चेहरा बघवत नाही.
– एक मामा, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

ओव्हरड्राफ्ट वाढवू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण तुमच्याकडे पंधराच दिवस आहेत म्हणून हे आधी सांगते. मोठी कंपनी बिलाचे पैसे लांबवते तेव्हा कामगारांचा पगार आणि स्टीलचं बिल याच ओव्हरड्राफ्टमधून जातं. तो एका हंगामात संपवला, तर पुढच्या मंदीत तुमचं शेड उघडं पडेल. भाचा कितीही वेगवान निघाला, तरी वेळेत त्याला ते सावरता येणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. पैशावर माणूस निवडतात का?

खालच्या पायऱ्यांवर तर निवड होतच नाही. फॉर्म्युला वनकडे नेणाऱ्या फॉर्म्युला ४, फॉर्म्युला ३, फॉर्म्युला २ या वर्गांतल्या टीमचं बरंचसं उत्पन्न ड्रायव्हरने भरलेल्या पैशातून येतं. टायर, इंजिनाचं भाडं, मेकॅनिकचे पगार, ट्रकचं डिझेल, सगळं त्यातूनच भागतं. खासगी क्लासला पैसे भरून प्रवेश मिळाला म्हणून मुलगा हुशार ठरत नाही आणि पैसे नाहीत म्हणून प्रवेश हुकला तर तो ढही ठरत नाही. इथेही तसंच. गेल्या वर्षी सीट न मिळाल्याने तुमचा भाचा कमी ठरला नाही. पण आता युरोपातून सीट चालून आली, एवढ्यावरून तो तिथे टिकेल असंही ठरत नाही. पहिली गोष्ट त्याला कळलीय आणि ती त्याला जाळतेय. दुसरी त्याला कोणी सांगितलेली दिसत नाही, ती तुम्ही सांगा. मध्यस्थाचा फोन म्हणजे गुणांची पावती नव्हे.

खर्चाचा अंदाजही डोळ्यांसमोर हवा. युरोपात फॉर्म्युला ४चा हंगाम काही लाख युरोंचा असतो. फॉर्म्युला ३ दहा लाख युरोंच्या आसपास जातं आणि फॉर्म्युला २ वीस लाखांच्याही वर. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणजे वरच्या पायऱ्यांवर नुसतं घरच्या पैशाने चढायचं म्हटलं, तर नाशिकचे सगळे मामा-काका एकत्र आले तरी भागणार नाही. कधीतरी दुसऱ्या कोणीतरी, एखाद्या कंपनीने, कारखानदार संघाच्या अकादमीने किंवा टायरवाल्याने पैसा लावावाच लागतो. घरचा पैसा पहिलं दार उघडतो, बस. म्हणून ४० लाखांकडे बघताना एकच विचारा : या एका हंगामात असा काही निकाल येईल का, की पुढच्या वर्षाचे पैसे परका माणूस देईल? याचं ठोस उत्तर नसेल तर ४० लाख ही फक्त सुरुवात आहे. पुढचा हप्ता मागायला बहीण पुन्हा तुमच्याच दारात येईल आणि तेव्हा ‘नाही’ म्हणणं आजच्या दसपट अवघड असेल.

फॉर्म्युला वनमध्ये चित्र जरा वेगळं आहे. भाचा ज्या नावांवर चिडत असेल, ती नावं एकदा नीट बघायला हवीत.

पास्तोर माल्दोनादो हे त्यातलं ठरलेलं नाव. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचा पैसा घेऊन तो २०११ मध्ये विल्यम्स संघात आला. पैसेवाला ड्रायव्हर म्हणून जगभर हिणवला गेला. पण येण्याआधी, २०१० मध्ये, त्याने जीपी२ची (आताच्या फॉर्म्युला २ची) स्पर्धा जिंकली होती आणि २०१२ची स्पॅनिश ग्रां प्री, म्हणजे स्पेनमधली फॉर्म्युला वन शर्यत, त्याने सर्वांत पुढच्या जागेवरून सुरुवात करून जिंकली. पैशाने दार उघडलं हे खरं, पण त्या दारात उभं राहण्याइतका तो वेगवान होता. पुढे तेल कंपनीचा पैसा आटला आणि २०१६ला त्याची सीट गेली. सर्जिओ पेरेझच्या मागे मेक्सिकोचे अब्जाधीश कार्लोस स्लिम यांच्या कंपन्या होत्या. तोही पैशामुळे आला म्हणायचे, पण त्याने शर्यती जिंकल्या आणि चार हंगाम रेड बुलमध्ये काढले.

रशियाच्या निकिता माझेपिनचं प्रकरण उलटं आहे. वडिलांच्या कंपनीचं नाव हास संघाच्या गाडीवर आणि मुलगा गाडीत, असा २०२१चा हंगाम गेला. त्या वर्षी हासला एकही गुण मिळाला नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर संघाने कंपनी आणि मुलगा दोघांशीही करार तोडला आणि केव्हिन मॅग्नुसनला परत बोलावलं. तो पहिल्याच शर्यतीत पाचवा आला. गाडीही नवीन नियमांची आणि बरीच सुधारलेली होती हे खरं, तरी संघाला कळायचं ते कळलं असणार.

त्यामागचं गणित असं, की फॉर्म्युला वनमध्ये बक्षिसाचा पैसा संघांच्या गुणतक्त्यातल्या स्थानावर वाटला जातो आणि एक जागा वर सरकणं लाखो डॉलरचं असतं. २०२१पासून खर्चावर मर्यादाही आली. सुरुवातीला ती वर्षाला १४ कोटी ५० लाख डॉलर होती. त्याआधी श्रीमंत संघ वाटेल तेवढा खर्च करून पुढे पळायचे, त्याला आळा बसला आणि छोटे संघही तगले. पूर्वी हंगाम कसाबसा पार पाडायला दोन ड्रायव्हरांकडून पैसे घ्यावे लागायचे, तशी निकड आता राहिली नाही. हळू ड्रायव्हरने आणलेल्या पैशापेक्षा वेगवान ड्रायव्हरने मिळवलेले गुण जास्त मोलाचे ठरायला लागले. शिवाय फॉर्म्युला वन चालवायला लागणाऱ्या परवान्याची, सुपर लायसन्सची, अट आहे : वय साधारणपणे १८ आणि तीन हंगामांत ४० गुण. नुसती बॅग भरून पैसे आणणाऱ्याला ते विकत मिळत नाही.

तरीही पैसा गेला असं कोणी म्हणू नये. फरक एवढाच, की आता तो बऱ्याचदा देशाच्या रूपाने येतो. २०२४ मध्ये विल्यम्सने हंगामाच्या मध्यावर फ्रँको कोलापिंतोला घेतलं, तेव्हा त्याच्या मागे अर्जेंटिनातल्या कंपन्या होत्या आणि एक अख्खा देश टीव्हीसमोर बसला होता. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच ग्रां प्री झाल्या. भारतात शर्यत नाही, म्हणून भारतीय मुलाला बसवण्याची घाई कोणत्याही संघाला नाही. मुंबईचा जेहान दारूवाला रेड बुलच्या ज्युनियर योजनेत होता. फॉर्म्युला २ मध्ये चार हंगाम खेळला, शर्यती जिंकला, तरी फॉर्म्युला वनची सीट मिळाली नाही. कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा त्याच्या मागे टाटा होते. भाच्याला वाटणारा अन्याय खोटा नाही. साध्या घरच्या मुलांसाठी हा खेळ क्रूर आहे, हे मी त्याच्या तोंडावर मान्य करीन आणि तुम्हीही करा. त्याला आज उपदेश नकोय. त्याचं म्हणणं खरं आहे, हे घरातल्या मोठ्या माणसाने एकदा तरी मोकळेपणी म्हणायला हवंय.

तो कदाचित ऑस्ट्रियाच्या निकी लाउडाचं नाव घेईल. घेतलंच पाहिजे, कारण लाउडाने बँकेचं कर्ज काढून मार्च संघात सीट विकत घेतली आणि पुढे तीनदा जगज्जेता झाला. पण ती गोष्ट पूर्ण सांगायला हवी. लाउडाच्या घरी पैसा होता, उद्योगपती आजोबा होते आणि घरच्यांचा या प्रकाराला ठाम विरोध होता. त्याने कर्ज काढलं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर. कोणा मामाचं शेड त्यात गहाण नव्हतं. भाच्याला हे रागाने ऐकवू नका, पण ऐकवा जरूर. माझा अंदाज आहे की आपल्यासाठी काय काय पणाला लागतंय, हे त्याला कोणी आकड्यात सांगितलेलंच नाही. १८ वर्षांचा मुलगा हे समजून घेऊ शकतो. त्याच्यापासून ते लपवून आईने एकटीने मामाकडे हात पसरणं मला योग्य वाटत नाही.

एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि कारवानमध्ये राहून मुलाला शर्यतींना नेलं. मुलगा फॉर्म्युला वनमध्ये पोचला आणि २०२१ला हंगेरीत जिंकलाही. मधल्या काळात त्याचा संघ लॉरेन्स स्ट्रोल या अब्जाधीशाच्या गटाने विकत घेतला, स्ट्रोल यांचा मुलगा तिथे आला आणि २०१९ला ओकॉन राखीव बाकावर बसला. ही गोष्ट सांगताना लोक घर विकण्यावर भर देतात. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. ते घर आईवडिलांचं होतं. त्याग करायचा तर तो ज्याच्या हातात आहे त्याने करायचा. तुमच्या मेहुण्यांचं मौन म्हणूनच मला बोचतं. आधी त्यांच्याशी बोला, आणि एकट्याने बोला. त्यांनी स्वतः किती ठरवलंय, गंगाजळी किती आहे, त्यांना हे मनापासून हवंय का, हे कळल्याशिवाय तुमचा आकडा ठरूच शकत नाही.

आता बहिणीचं ‘स्पॉन्सरशिपच समज’. समजू नका. स्पॉन्सर पैसे देतो ते त्याबदल्यात काही मिळतं म्हणून : गिऱ्हाईक, ओळख, डीलरांना शर्यतीला नेऊन खूश करण्याची सोय. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे दोन-तीन मोठ्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी. ते तुमची निवड दर, मापातला नेमकेपणा आणि वेळेवर माल यांवर करतात. इटलीतल्या फॉर्म्युला ४ गाडीच्या बाजूला तुमचं नाव बघून एकही ऑर्डर येणार नाही. हा खर्च कंपनीच्या जाहिरात खात्यात टाकला, तर आयकरवाले तो खरोखर धंद्यासाठी होता का, हे विचारतील, आणि भाच्यासाठी होता हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून याला मदत म्हणा. मामाने भाच्याला केलेली मदत. ती स्वतःच्या बचतीतून करा, परत मिळण्याची अपेक्षा न ठेवता करा आणि आकडा बायकोबरोबर बसून ठरवा. मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढल्यावर जे उरेल, त्यातलाच तो आकडा हवा. ‘नंतर फेडू’ हे बहिणीने प्रेमापोटी म्हटलंय, पण भावाबहिणीत न लिहिलेलं कर्ज राखीपौर्णिमेला ताटात येऊन बसतं. द्यायचं तर सरळ दिलं म्हणून द्या.

खरा स्पॉन्सर शोधायचा असेल, तर सातपूर-अंबडमध्ये गाड्यांच्या उद्योगाशी जोडलेल्या कंपन्यांची कमतरता नाही. फक्त सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाच्या, टेबलावर जाऊ नका. कायद्याप्रमाणे ज्यातून कंपनीच्या मालाची जाहिरात होते अशी स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत. त्यामुळे ‘गाडीवर तुमचा लोगो लावू’ म्हटलंत की तो अर्ज तिथेच संपतो. मार्केटिंगच्या माणसाला भेटायचं आणि त्याला उपयोग होईल असं काहीतरी घेऊन भेटायचं. टायर आणि ऑइलच्या वितरकांना, गॅरेजना लागणारी उपकरणं विकणाऱ्यांना, ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना नाशिकचा शर्यतपटू ही कामाची गोष्ट आहे. त्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणारा, कॉलेजात जाऊन सुरक्षित गाडी चालवण्यावर बोलणारा, स्वतःचे व्हिडिओ नीट मराठीत करणारा मुलगा त्यांना हवा असतो. रकमा छोट्या येतील, पण त्यातून भाचा पैसे मागायला शिकेल, आणि या खेळात तेही ड्रायव्हिंगइतकंच शिकावं लागतं. वाइनवाल्यांकडे मात्र नका जाऊ. मद्याच्या जाहिरातींवर निर्बंध आहेत आणि १८ वर्षांच्या मुलाच्या छातीवर ते नाव मला तरी नको वाटतं.

मध्यस्थाबद्दल मी सर्वात जास्त सावध आहे. ४० लाख आणि पंधरा दिवस, एवढंच तुमच्या पत्रात आहे. करार कोणाशी, याबद्दल एक शब्द नाही. करार टीमशीच हवा आणि पैसे टीमच्याच बँक खात्यात, बँकेमार्फत. रोख किंवा ‘आमच्या माणसाकडून तिकडे पोचवतो’ असं कोणी म्हणालं तर उठून या. हंगामाच्या किती फेऱ्या, टेस्टचे किती दिवस, टायरचे किती संच, हे लेखी मागा. गाडी आपटली तर दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या माथी येतो, आणि एका वाईट शनिवारी तो लाखांत जाऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा करारात आहे का? मुलगा जखमी झाला किंवा टीमच मध्ये बंद पडली, तर उरलेले पैसे परत मिळतात का? परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांवरच्या रकमेवर बँक सर्वसाधारणपणे २० टक्के टीसीएस (आधीच वसूल होणारा आयकर) कापून घेते. ४० लाखांवर तो ६ लाख होतो. विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. सीएला हे आजच विचारा.

हप्ता चुकला तर काय होतं, हे ब्राझीलच्या लुईझ राझियाला विचारावं. २०१३ला फॉर्म्युला वनच्या मारुसिया संघाने त्याचं नाव जाहीर केलं, स्पॉन्सरांचे पैसे वेळेवर आले नाहीत आणि हंगाम सुरू होण्याआधीच त्याच्या जागी ज्यूल्स बियांकी आला. बियांकी आदल्या वर्षी फॉर्म्युला रेनॉ ३.५ या खालच्या वर्गात दुसरा आला होता. त्याला हरवून पहिला आलेला रॉबिन फ्राइन्स मात्र फॉर्म्युला वनची एकही शर्यत खेळला नाही. बियांकीच्या मागे फेरारी होती, फ्राइन्सच्या मागे तेवढा पैसा नव्हता. नुसता कागदही पुरत नाही. २०१५ला गीडो व्हान डर गार्डे हातात करार घेऊन सॉबर संघाविरुद्ध मेलबर्नच्या कोर्टात गेला आणि जिंकला, पण सीटवर बसले ते पैसे घेऊन आलेले दोघे. त्याने भरपाई घेतली आणि फॉर्म्युला वनला मुकला. करार असूनही हे होतं, तर कराराशिवाय काय होईल, याचा विचार करा.

भाच्याचा वेग खरा किती, हे मोजायला युरोप लागत नाही. २०२३पासून भारतात एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेची फॉर्म्युला ४ स्पर्धा सुरू झालीय, जेके टायरचे वर्गही आहेत, आणि इथला खर्च युरोपच्या मानाने बराच कमी आहे. एकाच टीमच्या सारख्या गाडीत, नव्या टायरवर, क्वालिफायिंगमध्ये (शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीत) तो टीममेटच्या किती पुढे किंवा मागे आहे, ते बघा. एखाददुसऱ्या शर्यतीचं नको, पूर्ण हंगामाचं बघा. टेस्टला ‘वेळ चांगली लागली’ यात टायर किती जुना होता, टाकीत इंधन किती होतं, हे आलंच नाही. डेटा मागून घ्या, मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाला मायक्रॉनची भाषा समजते, हीही समजेल. हंगामभर तो टीममेटला सातत्याने मागे टाकत असेल, तर तोच कागद घेऊन वर सांगितलेल्या माणसांकडे जाता येईल. गौरव गिल रॅलीतून वर आला आणि २०१९ला त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. भारतात राहूनही या खेळात नाव करता येतं, हे भाच्याला माहीत असेलच, पण चिडलेल्या माणसाला आठवण करून द्यावी लागते.

डिप्लोमा मात्र पूर्ण होऊ द्या. तो अपयशाची सोय म्हणून नाही. गाडी समजणारा ड्रायव्हर इंजिनीअरशी नीट बोलतो आणि गाडी लवकर सुधारते.

बहिणीला फोनवर नका सांगू, घरी जा. तिला म्हणा, ओव्हरड्राफ्ट मी काढणार नाही, पण इतके रुपये माझे, ते परत नकोत, आणि ते यंदा भारतातल्या हंगामासाठी. आकडा तिथेच सांगा, म्हणजे ती नकार घेऊन झोपणार नाही. ती रडेल, कदाचित बोलेलही. बोलू द्या. भाचा समोर असला तर जास्त बरं, कारण डेटा मागायचं काम त्यालाच करायचंय. आणि मध्यस्थाला आजच कळवा, की टीमच्या लेटरहेडवरचा पूर्ण करार वाचल्याशिवाय पंधरा दिवसांची मुदत आम्हाला मान्य नाही. खऱ्या टीमला करार पाठवायला दोन दिवस पुरतात.